डॉक्टरताईंना विचारा : वजनकाट्याकडे पाठ

प्रश्न : डॉक्टरताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत शिकते. दिवाळीपासून तिच्यात फरक पडलाय. डब्यात दोन पोळ्या देते, त्यातली दीड परत येते. विचारलं तर 'भूक नव्हती' म्हणते. अंघोळीला गेली की बराच वेळ बाहेर येत नाही. परवा मी दार वाजवून आत गेले, तर डाळीच्या पिठाची वाटी घेऊन कोपरं घासत बसली होती, कातडी लाल होईपर्यंत. शाळेच्या गॅदरिंगला नाचात बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं. 'तू उंच आहेस म्हणून,' असं बाई म्हणाल्या, पण ही म्हणते, 'मी जाडी आणि काळी आहे म्हणून.' त्या रात्री झोपताना मला विचारलं, 'आई, मी जाडी आहे का गं?' मी पटकन म्हणाले, 'छे गं, तू किती सुंदर आहेस!' ती काही बोलली नाही, भिंतीकडे तोंड करून झोपली.

घरात सासूबाई आहेत. नातीवर त्यांचा फार जीव आहे, पण 'मुलीची जात आहे, आत्तापासून लावलं तर उजळेल' हे रोजचं आहे. एकदा मी म्हटलं, 'आपला विठ्ठलही सावळाच ना?' तर म्हणाल्या, 'विठ्ठलाला कुठं सासरी जायचंय?' हे गमतीनं तिला 'आमची ढमाबाई' म्हणतात. मी स्वतः वर्षभरापासून वजन उतरवतेय, अकरा किलो कमी झालंय. मुलीशी नेमकं काय आणि कसं बोलू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या मुलीपाशी थांबले.

'छे गं' हे उत्तर प्रत्येक आईच्या तोंडून येतं. मायेपोटीच येतं. पण लेकीनं विचारलं होतं एक आणि तिला मिळालं दुसरंच. आरशात तिला तिचं पोट दिसतं. वर्गातल्या मैत्रिणींच्या शेजारी उभं राहिलं की फरक दिसतो. तो आईला दिसत नाही असं कसं होईल? मग तिची समजूत होते की हे काहीतरी इतकं वाईट आहे की आईसुद्धा त्यावर बोलत नाही. आणि मुलगी पुढच्या वेळी विचारतच नाही. तुमची लेक अजून विचारतेय, तेवढी वाट अजून उघडी आहे.

तेव्हा पुन्हा तो विषय तुम्हीच काढा. समोर बसवून नको. सकाळी वेणी घालताना काढा, म्हणजे तिची पाठ तुमच्याकडे असेल. माझ्या अनुभवात मुली अशा वेळी बोलतात, नाहीतर गाडीवर मागं बसल्या असताना. म्हणा, 'त्या रात्री तू विचारलंस आणि मी घाईनं काहीतरी बोलले. तुला असं कुणी म्हटलं का?' आणि मग गप्प राहा. वेणी तिसऱ्यांदा सोडून पुन्हा घालावी लागली तरी चालेल. कुणाचं तरी नाव निघेल, एखादा प्रसंग निघेल. लगेच 'कोण ती? थांब तिच्या आईला सांगते' असं करू नका.

त्यानंतर तिला खरी माहिती द्या, कारण तिच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे. मुलींचं वयात येणं आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होतं. पहिली खूण म्हणजे छातीत बोराएवढी गाठ, बऱ्याचदा आधी एकाच बाजूला आणि हात लागला तरी दुखणारी. ही गाठ कॅन्सरची आहे अशा भीतीनं रडत आलेल्या आया मी दर वर्षी बघते. ती गाठ म्हणजे स्तनांची सुरुवात असते. त्याच सुमारास पोट, मांड्या, कंबर भरायला लागते. आपल्या आज्या याला 'अंगानं भरली' म्हणायच्या आणि त्यात कौतुक असायचं. शरीर साठा करत असतं, कारण पुढं मोठा खर्च येणार असतो. उंची भराभर वाढायला लागते. ऐन जोरात असते तेव्हा वर्षाला सात-आठ सेंटिमीटरही वाढते. गाठ आल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, आणि पाळी आल्यानंतर उंची फक्त आणखी पाच-सात सेंटिमीटर वाढते. म्हणजे उंचीची बहुतेक उडी पाळीच्या आधीच मारून झालेली असते. त्या उडीच्या तोंडावर मुलीला डाएटवर ठेवणं म्हणजे पेरणीच्या वेळी पाणी तोडणं.

तुमची लेक वर्गात उंच आहे असं तुम्हीच लिहिलंय. ज्या मुलींचं वयात येणं लवकर सुरू होतं त्या चौथी-पाचवीत इतरांपेक्षा उंच आणि भरलेल्या दिसतात. तेव्हा बाईंचं बोलणं कदाचित खरंही असेल. तरी एकदा शाळेत जाऊन त्यांना भेटा, भांडायला नको, सांगायला जा. पुढच्या नाचात रांगा आलटून पालटून ठेवता येतात. मागच्या रांगेतल्या मुलीला आपण मागं का आहोत याचं कारण कुणी सांगितलं नाही, तर ती स्वतःच एक कारण शोधते, आणि ते नेहमी स्वतःच्या अंगावरच घेते. हो, छातीची गाठ आठव्या वाढदिवसाच्या आधीच आली असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता माझी एक चूक सांगते. ती लिहिताना मला आजही सोपं जात नाही.

मी कराडला दवाखाना काढून सातेक वर्षं झाली होती. अकरा वर्षांच्या एका मुलीला तिची आई खोकल्यासाठी घेऊन आली. निळा शाळेचा पिनाफोर, दोन रिबिनी. मी तिला काट्यावर उभं केलं आणि काटा बघून मोठ्यानं म्हणाले, 'एकेचाळीस! वजन जास्त आहे हो हिचं. भात, बटाटा कमी करा.' बाहेर बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. मुलगी काट्यावरून उतरली, खाली बसून सँडलचा पट्टा लावायला लागली आणि तो पट्टा तिला बराच वेळ लागेना. मला ते दिसलं होतं. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

चार महिन्यांनी आई पुन्हा आली. वजन तेहतीस. केस मुठीनं गळत होते, हात थंडगार. रक्ताच्या तपासण्यांत कारण सापडेना. मग आईला दप्तराच्या मागच्या कप्प्यात भाकरीचे तुकडे सापडले, वहीच्या कागदात नीट बांधलेले. तिला सावरायला दीड वर्ष लागलं, पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे फेऱ्या कराव्या लागल्या. त्यामागं इतरही कारणं होती, घरची होती, शाळेची होती. पण त्या तज्ज्ञांनी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, 'डॉक्टरबाई म्हणाल्या ना.'

त्या वर्षापासून माझ्याकडे मुलं काट्यावर पाठमोरी उभी राहतात. आकडा सिस्टर बघतात आणि न बोलता कागदावर लिहितात. बोलायचंच असेल तर मूल बाहेर चित्र काढत असताना आई-वडिलांशी बोलते. आणि एका आकड्यावर मी आता काहीच ठरवत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे पाच ते अठरा वर्षांसाठीचे वाढीचे तक्ते आहेत, २०१५ मध्ये सुधारलेले. त्यावर दर सहा महिन्यांनी ठिपका द्यायचा आणि ठिपक्यांची रेघ कशी चाललीय ते बघायचं. उंचीची रेघ आणि वजनाची रेघ हातात हात घालून वर जात असतील तर त्या मुलीचं ठीक चाललंय, मग ती वर्गात कितीही भरलेली दिसो. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर तुम्हाला जुने आकडे मिळतील. ते घेऊन डॉक्टरांकडे जा, लेकीला आधी न नेता.

समजा तक्त्यावर वजन खरंच जास्त निघालं. तरी तिच्यासाठी वेगळं ताट नको. घरात येणारी वेफरची पाकिटं, बाटलीतलं गोड पाणी, जेवताना चालू असलेला टीव्ही, संध्याकाळी खेळायला न जाणं, हे सगळ्यांसाठी बदला, आजीसकट. घरात चिवड्याचा डबा आहे, सगळे खातायत आणि एकटीला 'तू नको' असं झालं की ती चोरून खायला शिकते. डबा तिच्यासमोर उघडून 'पुन्हा परत आणलास?' असं करू नका. रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र, आणि त्या वेळी कुणाच्याही खाण्यावर बोलायचं नाही.

आता तुमच्या अकरा किलोंबद्दल. तुम्ही ते ओघात लिहिलंय, पण मला वाटतं बरंचसं कोडं तिथं आहे. वर्षभर मेहनत केलीत, त्यामागं काही कारण असणार. गुडघे असतील, साखर असेल, थायरॉइड असेल. ते कारण लेकीला माहीत आहे का? तिला बहुतेक एवढंच दिसलंय की आई रोज सकाळी काट्यावर उभी राहते आणि आकड्यावर तिचा दिवस ठरतो. लग्नाच्या जेवणातून उठताना 'आज फारच खाल्लं, उद्या काही नाही' हे तिनं ऐकलंय. साडी नेसताना पोटाची वळी चिमटीत धरून बघताना तिनं तुम्हाला पाहिलंय. 'माझा फोटो नको, जाडी दिसते' हेही ऐकलं असेल. नऊ वर्षांच्या मुलीसाठी बाईचं शरीर म्हणजे आधी आईचं शरीर. त्याबद्दल तुम्ही जे बोलता ते ती स्वतःबद्दल ऐकते. काटा कपाटात ठेवा. वजन तुमचं तुम्ही जरूर बघा, दार लावून बघा. आणि तिला सांगा, 'माझे गुडघे दुखायचे, आता मी जिना न थांबता चढते.' हे तिला उपयोगी पडेल. पुढच्या वेळी कुणी कॅमेरा धरला तर तिच्या शेजारी उभ्या राहा.

रंगाचं सांगते. त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात जवळजवळ सारख्याच संख्येनं असतात. त्या पेशी किती आणि कोणत्या जातीचा रंग बनवतात एवढाच फरक, आणि तो आई-वडिलांकडून येतो. हा रंग उन्हातल्या घातक किरणांपासून कातडीला राखतो. डाळीचं पीठ, साय, हळद त्या पेशींपर्यंत पोचतच नाही, वरचा मळ आणि तेल तेवढं निघतं. लिंबू तर लावूच नका, ते लावून उन्हात गेलं तर डाग पडतात. कोपराची कातडी मुळात जाड असते, आणि घासत राहिलं तर ती आणखी जाड आणि काळी होते. हे लेकीला जसंच्या तसं सांगा. मुलींना विज्ञान सांगितलं की त्यांना फार बरं वाटतं. आपला दोष नाही हे त्यांना समजुतीपेक्षा विज्ञानातून लवकर पटतं.

एक गोष्ट तपासा. मानेच्या मागं, काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर कातडी दिसते का? आया तो मळ समजून घासतात. तो मळ नसतो, शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि मेडिकलच्या दुकानातून कुणी 'उजळायचं मलम' आणून दिलं तर हात लावू नका. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, गालांवर लव वाढते. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी माझ्याकडे वर्षाला दोन-चार मुली येतातच, त्यातल्या काही दहावीतल्या.

माहितीपेक्षा जड काम भाषेचं आहे. आपल्याकडे एक शब्द फार घात करतो, 'पण'. 'सावळी आहे पण नाकीडोळी नीटस.' 'रंगानं डावी आहे पण हुशार.' 'जाड आहे पण चेहरा गोड.' बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुक केलं. मुलीच्या कानात 'पण'च्या आधीचं राहतं. घरात हा 'पण' बंद करा. ती म्हणाली 'मी काळी आहे', तर 'हो, तू सावळी आहेस, बाबांसारखी' एवढंच म्हणा आणि वाक्य तिथंच संपवा. तुमच्या आवाजात दया नसली की तिला कळतं की यात दया येण्यासारखं काही नाही.

सासूबाईंशी विठ्ठलावरून वाद घालू नका. त्या जे म्हणाल्या ते त्यांनी भोगलेलं असणार. एखाद्या दुपारी मेथी निवडताना विचारा, 'तुम्हाला बघायला आले होते तेव्हा काय काय विचारलं हो?' ते सुप्रसिद्ध गोरेपणाचं क्रीम १९७५ साली बाजारात आलं, तेव्हा त्या तरुण असतील. त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्द कंपनीनं २०२० मध्ये काढला. मधली पंचेचाळीस वर्षं आपल्या बायकांच्या कानावर एकच गोष्ट पडत होती. त्या बोलल्या तर ऐकून घ्या, आणि मग लेकीचा डबा, ती घासलेली कोपरं, सगळं त्यांना सांगा. नातीवर जीव असलेल्या आज्या एवढं ऐकल्यावर बहुधा वळतात. त्यांना रविवारी नातीच्या डोक्याला तेल लावायचं काम द्या. नातीला त्यांचा हात हवाच आहे.

'ढमाबाई' आजपासून बंद. यजमानांना हे पत्रच वाचायला द्या. चार वर्षांची असताना ती हसली असेल, आता हसत नाही. बाबांनी एकदा तिच्याजवळ बसून 'मी चुकलो, आता नाही म्हणणार' म्हणावं. बाबांचं असं एक वाक्य मुलींना जन्मभर पुरतं, मी माझ्या वडिलांचं आजही जपून ठेवलंय.

आणि लक्ष ठेवा. वजन उतरत चाललं, उंचीची रेघ थांबली, जेवणानंतर ती लगेच बाथरूममध्ये जाऊन उलटी काढू लागली, चक्कर, सतत थंडी वाजणं, केस गळणं, मैत्रिणींकडे जाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. अर्धीमुर्धी पोळी महिनाभर परत येत राहिली तरी बालरोगतज्ज्ञांना भेटा. कुणाशी बोलावं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ हा नंबर, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : माझी नात बारा वर्षांची आहे. आई-वडील नोकरीसाठी बाहेरगावी, ती माझ्याकडे असते. तिच्या ओठांवर लव आहे. वर्गातली मुलं 'मिशी' म्हणतात. ती पार्लरला जायचं म्हणते. एकदा काढलं की दाट येतं, म्हणून मी अडवून धरलंय. बरोबर ना?
– एक आजी, सावंतवाडी

उत्तर : आजी, तुमच्या-माझ्या वयात फार अंतर नसावं, म्हणून मोकळेपणानं सांगते. काढल्यानं केस दाट येत नाहीत. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, त्याला वरचं कापलेलं कळत नाही. वस्तऱ्यानं कापलेलं टोक बोथट होतं, म्हणून ते हाताला राठ लागतं, एवढंच. या वयात लव वाढणं हा वयात येण्याचाच भाग आहे आणि ओठांवर ती बऱ्याच मुलींना असते. हनुवटीवर जाड काळे केस येत असतील, किंवा पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी ती फार अनियमित असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

काढायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. आपण होऊन 'चल, काढून घेऊ' म्हणू नका, आणि ती म्हणते तर अडवू नका. रोज वर्गात जायचं आहे ते तिला. चिडवणाऱ्या मुलांबद्दल वर्गशिक्षिकेशी मात्र जरूर बोला, ते काम नातीवर टाकू नका.

पार्लरमध्ये तुम्ही स्वतः घेऊन जा. दोऱ्यानं काढताना ओठावर फार झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं. हे तिला आधी सांगून ठेवा आणि तेवढा वेळ तिचा हात धरून बसा.